पावती, फोन आणि पुकारा

अहमदपुरात वकिली करायची तर मोटार वाहन कायदा तोंडपाठ लागतो. जमिनीच्या दाव्यांवर नाव होतं, पण महिन्याचा खर्च भागतो तो चलान, अपघात आणि क्लेमच्या कागदांवर. तुळजापूरहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ३६१ औसा, लातूर, चाकूर करत आमच्याकडे येतो, इथून लोहा-नांदेडकडे वळतो आणि यवतमाळ, वर्धा मागं टाकून बुटीबोरीला संपतो. एवढ्या रस्त्यावर रोज काही ना काही घडतं. त्यातलं थोडं माझ्या टेबलावर येतं.

सध्या जानेवारी चालू आहे. उसाचा हंगाम जोरात, आणि रस्ता सुरक्षा अभियानही. हेल्मेट घातलेल्याला गुलाबाचं फूल देतानाचा फोटो आजच्या पेपरात आहेच.

सकाळी सात

पहिला फोन चहाच्या आधी येतो. थोडगा रोडचे एक ओळखीचे काका. "वकीलसाहेब, पोराची गाडी धरली काल. जरा सांगा की कुणाला तरी."

"वय किती पोराचं?"

थोडा वेळ नुसता खरखर आवाज. मग, "दहावीला हाय. पर चालवतंय चांगलं."

मी त्यांना कलम १९९-अ सांगतो. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, वर २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. पोराला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. काका सगळं नीट ऐकून घेतात आणि नेमका प्रश्न विचारतात, "हे लागलंय का कुणाला?"

क्वचित, हेच खरं उत्तर. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा सगळ्या राज्याला या कलमाची आठवण झाली. एरवी तालुक्याच्या गावात ते समज देऊन सोडण्यापुरतंच वापरलं जातं. कारण सरळ आहे. दहावीतल्या पोराच्या बापाला तुरुंगात पाठवायला कुठलाच हवालदार धजत नाही, आणि पाठवलं तर गाव त्याला नांदू देणार नाही. शिक्षा एवढी जड केली की ती लावणाऱ्याचाच हात अवघडतो. मग ते कलम कायदा न राहता धाक होतं, आणि धाक म्हटला की मागून घासाघीस आलीच.

पोरगं गाडीवर का बसतं, हे कलमात कुठं नाही. शिकवणी पहाटे साडेपाचला, गाव आठ-दहा किलोमीटरवर, आणि त्या वेळेला एसटी नाही. लातूर पॅटर्नची पोरं अशीच घडतात, अंधारात, तिघं एका मोटारसायकलवर.

सव्वादहा

कोर्टात जाताना चौकातून जावंच लागतं. बसस्थानकाकडून येणारे ऑटो, काळ्या-पिवळ्या, भाजीचे गाडे, आणि मधोमध एक हवालदार. गळ्यात शिट्टी, कानाला मफलर, हातात ई-चलानचं मशीन. हे मशीन मी जवळून पाहिलंय. गाडीचा नंबर टाकला की मालकाचं नाव येतं, मागची थकबाकी येते. मग गुन्ह्यांची यादी उघडते, ती अंगठ्यानं खाली सरकवायची, एक निवडायचा, फोटो काढायचा. यादी लांबलचक आहे. पण अंगठा फिरून फिरून तिथंच थांबतो: हेल्मेट नाही, तिघं बसले, कागद नाहीत. कारण दुचाकीवाला हात केला की थांबतो.

हेल्मेटचं कलम १२९. पगडी बांधलेल्या शिखांना या कलमातच सूट आहे, आणि नांदेड शेजारी असल्यानं ती इथं सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांनी डोक्याला रुमाल बांधून तीच सूट आपली आपण मंजूर करून घेतली आहे.

मी थांबलो तेवढ्यात हवालदाराच्या पाठीमागून एक ट्रॅक्टर गेला. मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. त्याला कुणी हात केला नाही. मी नुसतं त्या दिशेनं पाहिलं, तर हवालदारच बोलला, "वकीलसाहेब, तुमी कायदा शिकलाव. तुमीच सांगा. वीस हजाराची पावती फाडली तर हा गडी भरंल का? अन् जादा ऊस उतरवून ठेवू कुठं, ठाण्यात?"

त्याचं चुकलं नाही. कलम १९४ म्हणतं, जादा वजनाला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. चौकात काटा नाही, उतरवायला जागा नाही, उतरवायला माणसं नाहीत. तोडलेला ऊस दिवसभर उन्हात राहिला की वजन घटतं, आणि ते नुकसान ज्याचं होतं त्या शेतकऱ्याचा या जादा भरण्याशी संबंध नसतो. दिल्लीत हे कलम लिहिणाऱ्यांनी ट्रक आणि टोलनाका डोळ्यांपुढं धरला असावा. आमचा ट्रॅक्टर त्यांना दिसला नाही.

पण लगेच दुसरी बाजूही दिसली. एका तरुणाला थांबवलं, लायसन्स मागितलं, त्यानं फोन लावला आणि हवालदारापुढं धरला. "भाऊ बोलायलेत, घ्या." भाऊ म्हणजे इथले पुढारी. हवालदारानं फोन कानाला लावला. "हो भाऊ. नाही भाऊ. ओळखलं नाही भाऊ." फोन परत, गाडी रवाना. त्याच्या मागं थांबलेल्या, दुधाच्या कॅन अडकवलेल्या माणसाकडं फोन लावायला कुणी नव्हतं. तो म्हणाला, "दवाखान्यात जायलोय साहेब." दवाखान्याला जाणारा कॅन घेऊन जात नाही, हे हवालदारालाही कळत होतं. पावती त्याची फाटली.

इथं कायदा करणाऱ्यांवर खापर फोडून भागणार नाही. ट्रॅक्टर न थांबवणं ही अडचण होती, दूधवाल्याला पकडून दुसऱ्याला सोडणं ही निवड होती. वळणाआड उभं राहून सावज गाठायचं आणि गर्दीच्या वेळी चौक मोकळा सोडायचा, ही रीतही कुठल्या विधेयकातून आलेली नाही. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाला परिपत्रक काढून सांगावं लागलं की पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलान टाकू नये. एवढं सांगावं लागलं, याचाच अर्थ ते सर्रास चाललं होतं. आणि कलम २१०-ब सांगतं की अंमलबजावणी करणाऱ्यानंच नियम मोडला तर त्याला दुप्पट दंड. ते कलम लावलेला कागद माझ्या टेबलावर अजून आलेला नाही.

अकरा

पुकारा सुरू. चलानच्या प्रकरणांत युक्तिवाद फारसा नसतो. थकलेली चलानं लोक अदालतीत येतात, नोटीस हातात घेऊन माणसं रांगेत उभी राहतात. आजचा एक पक्षकार वेगळा होता. त्याच्या नावावर पाच चलानं, पण गाडी तीन वर्षांपूर्वीच विकलेली. बॉण्डवर लिहून दिलं, पैसे घेतले, नाव बदललं नाही. कलम ५० प्रमाणं विकणाऱ्यानंही चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मशीनला बॉण्ड दिसत नाही, त्याला एमएच-२४ दिसतं. उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं तर क्लेममध्येही हाच मालक. तो घामाघूम झाला तेव्हा मी त्याला लातूरला आरटीओकडं पाठवलं.

दोन

डबा बाररूममध्ये. आज वादाला कारण झालं ते पेपरातलं गुलाबाचं फूल. आमच्यातली एक ज्युनिअर वकील फार तळमळीनं बोलते. तिचं म्हणणं, पोलीस सुधारले की सगळं सुधारेल. ज्येष्ठ वकीलसाहेब भाकरी मोडता मोडता म्हणाले, "पोरी, पोलीस शेवटच्या पायरीवर उभा आहे. वरून काय घरंगळत येतं ते बघ आधी."

मग त्यांनी सुरुवात केली ती गोपीनाथ मुंडेंपासून. किनगावच्या रस्त्यानं पुढं गेलं की बीड जिल्हा लागतो, मुंडेंची परळी आमच्यापासून लांब नाही. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. ३ जून २०१४ ला सकाळी दिल्लीत विमानतळाकडं जाताना त्यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली आणि ते गेले. त्या दिवशी आमच्या गावातली दुकानं उघडली नाहीत. मागच्या सीटवरही पट्टा बांधावा, हे अनेकांनी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. सरकारनं नवा कडक कायदा आणायचं जाहीर केलं, मसुदाही आला. तो मसुदा संसदेपर्यंत पोचलाच नाही. २०१६ मध्ये जुन्याच कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं, २०१७ मध्ये लोकसभेनं मंजूर केलं, राज्यसभेत अडकलं आणि लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. अखेर २०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ते मंजूर झालं आणि दंडाच्या तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून देशात लागू झाल्या. पाच वर्षं गेली. आणि घाई कुणाला नव्हती, तर ज्यांचा सहकारी गेला त्यांना.

खरी गंमत पुढं आहे. कायदा आणला तो नागपूरच्या नितीन गडकरींनी. आणि तो महाराष्ट्रातच अडला. बिगर लायसन्सचा दंड ५०० वरून ५,००० झालेला, ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी दंड फार आहे, फेरविचार करा, असं पत्र केंद्राला पाठवलं आणि राज्यात नवे दर थांबवले. गुजरातनं तर त्याच सप्टेंबरात दर कमी करून टाकले. रावते आणि गडकरींचे पक्ष तेव्हा युतीत होते, राज्यात सरकार दोघांचं मिळून. मग सरकार बदललं, कोरोना आला, आणि महाराष्ट्रात नवे दर लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला.

"या सव्वादोन वर्षांत," ज्येष्ठ म्हणाले, "चौकातल्या शिपायानं कुठला कायदा पाळायचा होता? संसदेनं केलेला, की मंत्र्यानं थांबवलेला?"

ज्युनिअरनं हार मानली नाही. कलम २०० खाली तडजोडीची रक्कम ठरवायचा अधिकार राज्याला आहेच, मग त्यात बेकायदा काय, असा तिचा मुद्दा. मुद्दा बरोबर आहे. बेकायदा काही नव्हतं, मतांसाठी होतं.

मी माझी भर घातली. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, उपकलम (२). बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेतला आणि पोलिसांना न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेनं मंजूर केलं. १ जानेवारी २०२४ ला ट्रकचालक संपावर गेले आणि गावोगावच्या पेट्रोल पंपांवर बाटल्या घेऊन रांगा लागल्या. दोन दिवसांत केंद्रानं चालकांना शब्द दिला. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, तेवढं एक उपकलम बाजूला ठेवून. चालकांचं म्हणणं खोटं नव्हतं. थांबलं तर जमाव मारतो, पळालं तर कायदा. पण हे मंजूर करण्याआधी त्यांना कुणी विचारलं होतं का? पुस्तकात कलम छापलेलं आहे, विद्यार्थी पाठ करतात, आणि पोलिसाला ते लावता येत नाही.

जुन्या गाड्यांच्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं तर कुणी नावही काढू देईना. २०२५ या एका वर्षात मुदत ३१ मार्चवरून एप्रिल, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि डिसेंबर अखेर अशी सरकत गेली. ज्यानं पहिल्या मुदतीत पैसे भरून प्लेट बसवली तो खुळा ठरला. पुढच्या खेपेला तोही थांबणार. मुदत वाढणारच, ही शिकवण लोकांना पोलिसांनी दिलेली नाही.

सरकारच्या अहवालाप्रमाणं २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली. एकूण मेलेल्यांत महाराष्ट्रातली १५,२२४. आकडे सांगितल्यावर बाररूममध्ये कुणी काही बोललं नाही, कारण घड्याळात पावणेतीन झाले होते आणि डबे आवरायचे होते.

साडेतीन

एक बाई आणि तिचा दीर. नवरा महामार्गावर गेला, दुभाजकात सोडलेल्या मोकळ्या जागेतून मोटारसायकल वळवताना. गाडी त्याच्या भावाच्या, म्हणजे या दिराच्या नावावर, चालवणाऱ्याकडं लायसन्स नाही.

मी पंचनामा काढतो. घटनास्थळाचा नकाशा बॉलपेननं काढलेला. दोन समांतर रेघा म्हणजे रस्ता, मधल्या दोन रेघा म्हणजे दुभाजक, त्यात बोटाएवढी फट, फटीशेजारी फुली. रस्त्याचं वर्णन ठरलेलं: "डांबरी, सरळ, दिवसा उजेड." त्या फटीबद्दल अक्षर नाही. ती फट मंजूर आहे की कुणी ढाब्यासाठी फोडली, पुढं फलक होता का, वळायला पाटीवरच्या लोकांना दुसरी वाट आहे का, काही नाही. पंचनामा लिहिणारा जमादार रोज तिथूनच जातो, त्यालाही ती दिसत असणार. पण ठरलेला मजकूर ठरलेल्या जागी भरायची सवय हाताला लागलेली असते. हा दोष निखळ पोलिसांचा.

३ मार्च २०२५ ला याच महामार्गावर, चाकूर तालुक्यातल्या नांदगाव पाटीजवळ, अहमदपूरहून लातूरला निघालेली एसटी उलटली. समोर अचानक मोटारसायकल आली, तिला वाचवताना. सीसीटीव्हीचं चित्रण देशभर फिरलं, लोकांनी त्या दुचाकीवाल्याला शिव्या घातल्या. पाटीवरच्या माणसानं चौपदरी रस्ता ओलांडायचा कसा, हा प्रश्न त्या शिव्यांच्या आवाजात कुणाला सुचला नाही. चौपदरी करताना रस्ता रुंद झाला आणि गाड्यांचा वेग वाढला. गावं होती तिथंच राहिली, शेत या बाजूला आणि शाळा त्या बाजूला.

यासाठीही कलम आहे. १९८-अ, हेही २०१९ चंच. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल निकषांप्रमाणं न केल्यानं कुणी मेलं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना दंड. किती? जास्तीत जास्त एक लाख. कैद नाही. पोराच्या हातात किल्ली देणाऱ्या बापाला तीन वर्षं आणि रस्ता चुकवणाऱ्या कंपनीला एक लाख, हे ज्यांनी शेजारशेजारच्या पानांवर लिहिलं त्यांनी ते पुन्हा एकदा वाचून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

बाईला मी सांगतो, क्लेम सहा महिन्यांत दाखल करा. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून आली. तिच्या घटनात्मकतेला सुप्रीम कोर्टात आव्हान आहे, पण त्या भरवशावर बसू नका. मयताकडं लायसन्स नव्हतं, त्यामुळं समोरच्या गाडीची विमा कंपनी दोष त्याच्यावर ढकलणार. दीर मध्येच विचारतो, "अन् याच्या गाडीनं दुसरा मेला असता तर?" तर २००४ च्या स्वरणसिंग निकालाप्रमाणं विमा कंपनीनं आधी पैसे भरायचे, मग लायसन्स नसलेल्याला गाडी दिली म्हणून ते मालकाकडून वसूल करायचे. म्हणजे तुमच्याकडून. दिराच्या नावावर दोन एकर आहे. त्यानं तोंडावरून हात फिरवला. चौकातल्या पावतीला जो घाबरत नाही तो इथं घाबरतो, फक्त फार उशिरा.

साडेसहा

अंधार पडला. शिरूर ताजबंदकडून परत येताना पुढं काहीतरी काळं हलताना दिसलं, ब्रेक दाबला. उसाची ट्रॉली. दिवा नाही. यावर आणखी काही लिहायला नको. एवढंच की सकाळी चौकातून बिनबोभाट गेलेली असली वाहनं रात्री या रस्त्यावर असतात, आणि एका ट्रॉलीला रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवायला गुलाबाच्या गुच्छाएवढाही खर्च येत नाही.

रात्री आठ

काका ऑफिसात हजर. पोराची गाडी सुटली होती. कुणी सोडवली ते विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, "भाऊंनी फोन केला." समाधानानं चहा पिऊन गेले.

अपघाताच्या क्लेममध्ये दोन्ही बाजूंची चूक असली की न्यायाधिकरण टक्के वाटून देतं. याची सत्तर, त्याची तीस. तसं मला कुणी वाटायला सांगितलं तर मी असं लिहीन: कायदा करणारे आणि करून अडवणारे, साठ टक्के. लावता येणार नाही असा कायदा लिहिणं, निवडणूक दिसली की तो थांबवणं, संप झाला की कलम गुंडाळणं आणि वर पोलिसांना फोन करणं, ही कामं त्यांचीच. पोलीस, तीस टक्के. दूधवाल्याची पावती फाडून भाऊच्या माणसाला सोडणं आणि पंचनाम्यात फट न लिहिणं, यासाठी कुठल्याही मंत्र्याचा आदेश लागत नव्हता. उरलेले दहा टक्के आपले, चौकातून फोन लावणाऱ्यांचे. या निकालावर ज्याला अपील करायचं त्यानं खुशाल करावं.

मात्र तोपर्यंत एक विनंती. पुढच्या वेळी गाडी धरली आणि तुम्ही भाऊंना फोन लावलाच, तर गाडीचं सांगून झाल्यावर फोन ठेवू नका. १०६ (२) लागू करणार आहात की रद्द, कलम १९८-अ खाली आजवर किती ठेकेदारांना दंड झाला आणि आपल्या पाटीवर ओलांडायला वाट कधी देता, एवढे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत लाईनवर थांबा.